मिडलंड रेड मोटार-बस कंपनी : निर्बंधमुक्तीनंतरची वंशावळ व तिचीं साधनें

मोटार-बस चालविणाऱ्या एका इंग्रज कंपनीचा वृत्तांत या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. महजर, निवाडे, वतनपत्रें आणि पोथ्या यांच्या पंक्तीस वेळापत्रकास व तिकिटास पान कशाला, असा प्रश्न कोणी केल्यास तो अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. परंतु या कंपनीच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासांत आपल्या नेहमींच्याच अडचणी जशाच्या तशा भेटतात. एक मूळ, त्याच्या अनेक शाखा, शाखांचीं पुनःपुन्हा बदललेलीं नांवें, नव्या धन्याच्या शिक्क्याखालीं चाललेला जुना कारभार, आणि दप्तराचा नेमका हवा तो भाग नाहींसा. इंग्लंडच्या मध्य प्रांतांत 'मिडलंड रेड' या नांवानें तीन पिढ्यांस ठाऊक असलेली ही कंपनी केव्हां संपली, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कोणी १९७३ म्हणतात, कोणी १९८१, कोणी १९८६. आणि साधनें तपासूं लागलें म्हणजे यांपैकीं एकही उत्तर सर्वस्वीं खरें ठरत नाहीं.

प्रथम कायद्याचें स्वरूप सांगितलें पाहिजे, कारण साधनांचें स्वरूप त्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्यें १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टानें उतारूंच्या मोटारींवर 'ट्रॅफिक कमिशनर' नांवाचे अधिकारी नेमण्यांत आले. प्रत्येक मार्गासाठीं निराळा परवाना घ्यावा लागे. अर्ज करणारानें त्या मार्गाची गरज दाखवून द्यावयाची. त्या वाटेवर आधींपासून चालणाऱ्या बस-कंपनीनें किंवा रेल्वे-कंपनीनें हरकत घ्यावयाची. मग कमिशनरपुढें सुनावणी होऊन निर्णय व्हावयाचा. आपल्याकडील १९३९ च्या मोटार व्हेइकल्स ॲक्टाखालीं मिळणारें परमिट ज्यांस आठवतें त्यांस ही रीत विस्तारानें सांगावयास नको. संशोधकाच्या दृष्टीनें तिचें मोल असें कीं, तींतून पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व सिद्धान्त अशीं तिन्ही अंगें कागदावर उमटत. अमुक खेड्यांतून बाजाराच्या दिवशीं किती माणसें येतात, शेवटची गाडी किती वाजतां हवी, भाडें किती परवडेल, हें सर्व कोणा ना कोणास बोलून दाखवावें लागे. हरकतींच्या व अर्जांच्या सूचना नियमानें छापल्या जात. म्हणजे राज्यानें उत्तर मागितलें म्हणून लोकांनीं कारणें लिहून ठेविलीं, आणि तीं आज इतिहासाच्या कामीं येतात. इनामाचा तंटा झाला नसता तर अर्धें दप्तर लिहिलेंच गेलें नसतें, हा आपला अनुभव येथेंही लागू पडतो.

आतां कंपनीकडे वळूं. तिचें पूर्ण नांव 'बर्मिंगहॅम अँड मिडलंड मोटार ओम्निबस कंपनी'. नोंदणी १९०४ ची. पुढील वर्षीं तिच्या मोटारी रस्त्यावर आल्या, परंतु त्या इतक्या बिघडत कीं १९०७ सालीं त्या बाजूस सारून कंपनीनें पुन्हा घोड्यांच्या बसगाड्या जुंपल्या, आणि १९१२ पर्यंत मोटारीचें नांव घेतलें नाहीं. नांवांत 'मोटार' आणि रस्त्यांत घोडा, ही विसंगति या कंपनीच्या कपाळीं आरंभापासूनच लिहिलेली दिसते. १९१४ त बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेशीं तिचा करार झाला; शहरांतील वाहतूक नगरपालिकेची आणि बाहेरची कंपनीची अशी सीमा ठरली. त्या सीमेबाहेर कंपनी भराभर वाढली. १९२३ पासून १९७० पर्यंत ती स्वतःच्या गाड्या स्वतःच बांधी, आणि इंग्लंडांतील बस चालविणाऱ्या फारच थोड्या कंपन्यांस हें साधलें. १९५९ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस एम-१ हा नवा महामार्ग खुला झाला त्याच दिवशीं कंपनीची बर्मिंगहॅम-लंडन जलद गाडी, तीही स्वतः बांधलेली, त्या मार्गावरून धांवली. हा तिच्या वैभवाचा मध्यान्ह म्हणावा.

१९६९ च्या आरंभीं ब्रिटनमध्यें सरकारी मालकीची 'नॅशनल बस कंपनी' अस्तित्वांत आली व मिडलंड रेड तिच्या छत्राखालीं गेली. पुढें ३ डिसेंबर १९७३ रोजीं बर्मिंगहॅम व त्याच्या लगतच्या औद्योगिक गांवांतील तिचे मार्ग, चारशेंहून अधिक गाड्यांसह, त्या प्रदेशाच्या सार्वजनिक वाहतूक-मंडळास विकण्यांत आले. राजधानीच विकली गेली! आजूबाजूचे परगणे तेवढे उरले, आणि एकमेकांशीं नीट न जुळणाऱ्या या परगण्यांचा कारभार जिच्या रस्त्यांवर आपली सत्ता उरली नाहीं अशा शहरांतून चालूं लागला. १९७३ हेंच कंपनीचें निधनवर्ष मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मतास आधार नाहीं असें नाहीं. परंतु कंपनी संपली नाहीं. पुढील वर्षीं तिनें आपलें लांबलचक नांव टाकून 'मिडलंड रेड ओम्निबस कंपनी' असें व्यवहारांतलें नांव अधिकृत करून घेतलें. बहुतेक सत्ता गेल्यावर किताब पक्का करून घेण्याची ही तऱ्हा आपल्या वाचकांस अपरिचित नसावी.

१९७७ पासून कंपनीनें आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे सामान्यतः कोणी लक्ष देत नाहीं. गांवोगांवच्या उतारूंची मोजणी करून तिनें मार्ग नव्यानें आंखले, आणि ज्या त्या टापूच्या जाळ्यास निराळें स्थानिक नांव दिलें. कॅनक येथें 'चेसरायडर', रेडिच येथें 'रेडिबस', लेमिंग्टन येथें 'लेमसाइड', श्रूजबरीस 'हॉट्स्पर', टेलफर्डला 'टेलस'. हीं नांवें गाड्यांवर कंपनीच्या नांवाशेजारीं रंगविलीं जात. मोजणीचा हेतु खर्च कमी करण्याचा होता आणि तींतून कित्येक फेऱ्या कमी झाल्या. नांवें दिलीं तीं त्यावरचें पांघरूण, असें म्हणणारे त्या वेळींही होते. प्रस्तुत लेखकास तीं नांवें निराळ्या कारणास्तव महत्त्वाचीं वाटतात. कायदा बदलण्यापूर्वींच कंपनीच्या शाखा मनानें कोठें कोठें फुटल्या होत्या, याचें तें चित्र आहे. ६ सप्टेंबर १९८१ रोजीं प्रत्यक्ष वांटणी झाली तेव्हां मिडलंड रेड (नॉर्थ), (साउथ), (ईस्ट) व (वेस्ट) अशा चार प्रादेशिक कंपन्या व दूरच्या जलद गाड्यांसाठीं एक निराळी कंपनी निर्माण झाली. बर्मिंगहॅम येथील मध्यवर्ती कारखाना तेवढा या वांटपांतून वेगळा राहिला. ईस्ट शाखेचें ठाणें लेस्टर येथें होतें. तिनें १९८४ च्या आरंभीं 'मिडलंड फॉक्स' असें नांव घेतलें. लेस्टरशायर हा कोल्ह्यांच्या शिकारीसाठीं प्रसिद्ध परगणा, त्यावरून तें सुचलें.

निर्बंधमुक्ति एकदम १९८६ त आली असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. तें अर्धेंच खरें आहे. १९८० च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टानें दूरच्या जलद गाड्यांवरील परवान्याचें बंधन उठविलें, आणि शिवाय कांहीं टापूंत सर्वच बससेवा प्रयोगादाखल मोकळ्या सोडण्याची सोय केली. असे तीन टापू निघाले: डेव्हनचा कांहीं भाग, नॉरफोकचा कांहीं भाग, आणि हेरफर्ड शहर व त्याचा परिसर. यांपैकीं हेरफर्ड हें मिडलंड रेडच्या पश्चिम शाखेचें. तेथें १९८१ पासून लहान लहान मोटारवाल्यांनीं शहराच्या मार्गांवर गाड्या घातल्या, कंपनीनेंही माघार घेतली नाहीं, आणि एकाच थांब्यापाशीं दोघांच्या गाड्या आधीं पोहोंचण्याची शर्यत करूं लागल्या. शहरांत भाडीं उतरलीं व फेऱ्या वाढल्या. भोंवतालच्या खेड्यांत मात्र फारसा फरक पडला नाहीं. तेथें स्पर्धेस यावें इतका उतारूच नव्हता. परगण्याच्या कौन्सिलास मदतीच्या मार्गांसाठीं निविदा मागवून पैसे वांचवितां आले, ही गोष्ट सरकारास विशेष आवडली. खेड्यांतील शांततेचा अर्थ मात्र ज्यानें त्यानें आपल्या मताप्रमाणें लाविला. निर्बंधमुक्तीच्या बाजूचे म्हणाले, नुकसान झालें नाहीं. विरोधी म्हणाले, फायदाही झाला नाहीं.

१९८४ त निकोलस रिडले हे वाहतूक-मंत्री असतां सरकारनें 'बसेस' या सुटसुटीत नांवाची श्वेतपत्रिका काढली. १९८५ चा ट्रान्सपोर्ट ॲक्ट तिच्यांतून निघाला. लंडन वगळून सर्व ग्रेट ब्रिटनमध्यें २६ ऑक्टोबर १९८६ पासून मार्गाचा परवाना ही संस्थाच नाहींशी झाली. ज्याच्यापाशीं गाड्या चालविण्याचा सामान्य परवाना आहे त्यानें मार्ग व वेळा लिहून ४२ दिवस आधीं नोंद करावी, म्हणजे झालें. बंद करावयाचें असलें तरी तितकीच नोटीस. गरज आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार कमिशनरास उरला नाहीं, आणि दुसऱ्या कंपनीची हरकत ऐकण्याचें कारणही उरलें नाहीं. जे मार्ग कोणीच नोंदविणार नाहीं, पण लोकांस हवेत, त्यांसाठीं कौन्सिलांनीं निविदा मागवून मदत द्यावी असें ठरलें.

त्याच कायद्यानें नॅशनल बस कंपनी मोडून तिच्या सुमारें ७० कंपन्या १९८६ ते १९८८ या काळांत विकण्यांत आल्या. पुष्कळ निरनिराळे धनी व्हावेत, म्हणजे चढाओढ टिकेल, हा त्यांतील हेतु. मिडलंड रेडच्या चार शाखांचें काय झालें तें आतां क्रमानें देतों. वंशावळ कंटाळवाणी असते, परंतु तिच्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं.

पश्चिम शाखा १९८६ च्या डिसेंबरांत तिच्याच व्यवस्थापकांनीं विकत घेतली. दोन वर्षांच्या आंतच ती 'बॅजरलाइन' या ब्रिस्टलच्या बाजूच्या कंपनीकडे गेली, आणि १९९५ त बॅजरलाइन व ॲबर्डीनची जीआरटी यांच्या एकीकरणांतून 'फर्स्टबस' निघाली तेव्हां तिच्या पोटांत शिरली. २०१३ सालीं तिचीं रेडिच व किडरमिन्स्टर येथील आगारें 'रोटाला' कंपनीस विकलीं गेलीं. २०१५ त हेरफर्डचें आगारही बंद झालें. ज्या हेरफर्डांत निर्बंधमुक्तीचा प्रयोग प्रथम झाला तेथून मूळ कंपनीचा वारस चौतीस वर्षांनीं निघून गेला. दक्षिण शाखा १९८७ च्या अखेरीस 'वेस्टर्न ट्रॅव्हल' या ग्लॉस्टरशायरच्या मंडळीनें घेतली. १९९३ त ती सर्व मंडळीच स्कॉटलंडांतील 'स्टेजकोच'नें गिळली. उत्तर शाखा १९८८ च्या जानेवारींत 'ड्रॉलेन'कडे गेली. पूर्व शाखा, म्हणजे मिडलंड फॉक्स, १९८७ त व्यवस्थापकांच्या हातीं आली व १९८९ त तीही ड्रॉलेनकडेच. ड्रॉलेनचें पुढें 'ब्रिटिश बस' झालें, ती १९९६ त 'कावी'नें घेतली, कावीनें १९९७ त 'अरायव्हा' असें कोणत्याही भाषेंत अर्थ न लागणारें नांव घेतलें, आणि २०१० त अरायव्हा जर्मन सरकारी रेल्वेच्या मालकीची झाली. २०२४ त ती एका अमेरिकन गुंतवणूक-संस्थेकडे गेली. याप्रमाणें इंग्लंडांतील एका सरकारी कंपनीचे दोन तुकडे चौदा वर्षें दुसऱ्या देशाच्या सरकारी कंपनीचे होते. पुष्कळ धनी व्हावेत म्हणून जे तुकडे केले ते दहा वर्षांच्या आंत तीन मोठ्या समूहांत पुन्हा गोळा झाले, यावर अधिक भाष्याची गरज नाहीं.

आतां मूळ प्रश्न. या गोंधळांत कंपनीचा माग कसा लावावयाचा? गाडीच्या अंगावर रंगविलेलें मोठें नांव हा पुरावा फसवा आहे. धनी बदलला कीं तें बदलतें, केव्हां केव्हां धनी न बदलतांही बदलतें. परंतु ब्रिटिश कायद्याप्रमाणें प्रत्येक बसगाडीच्या डाव्या अंगास, खालच्या बाजूस, तिच्या चालकसंस्थेचें कायदेशीर नांव व पत्ता लहान अक्षरांत लिहावा लागतो. उतारू तो कधीं वाचीत नाहींत. पोथीच्या आरंभीं कोणी नवें वेष्टन घातलें, नवें नांव घातलें, तरी शेवटची पुष्पिका जशी लेखकाचा, स्थळाचा व काळाचा खरा पत्ता देते, तशी ही गाडीची पुष्पिका होय. स्टेजकोचच्या हातीं जाऊन तीस वर्षें लोटल्यावरही दक्षिण शाखेच्या गाड्यांवर या लहान अक्षरांत 'मिडलंड रेड (साउथ) लिमिटेड' हेंच नांव होतें. पश्चिम शाखेचें कायदेशीर नांव 'फर्स्ट मिडलंड रेड बसेस लिमिटेड' असें झालें. उत्तर शाखेच्या नांवांत 'अरायव्हा' आलें, 'मिडलंड' राहिलें, 'रेड' गेलें. पूर्व शाखेचा कोल्हा 'अरायव्हा फॉक्स काउंटी' या नांवांत कांहीं काळ तग धरून होता, पुढें तोही गेला.

यांतही एक पायरी खालीं जातां येतें. ब्रिटनच्या कंपनी-नोंदणी कचेरींत प्रत्येक कंपनीस एक अंक मिळतो, आणि नांव कितीही वेळां बदललें तरी तो अंक बदलत नाहीं. वैयाकरण संज्ञा निराळी व संज्ञी निराळा मानतात. येथें संज्ञी तो अंक, बाकी सर्व संज्ञा. ज्यांस या विषयावर काम करावयाचें असेल त्यांनीं नांवाची सूची न करतां अंकाची सूची करावी, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. नांवांवरून केलेल्या सूचींत एकच कंपनी चार ठिकाणीं येते, आणि चार निराळ्या कंपन्या एका नांवाखालीं येतात. आपल्या हस्तलिखित-सूचींतील प्रसिद्ध घोटाळ्यांची ही बहीणच.

आणखी एक. 'मिडलंड रेड' हें नांव आरंभीं यौगिक होतें. मध्य प्रांतांतील तांबड्या गाड्या, असा त्याचा अवयवार्थ. दक्षिण शाखेच्या त्या लहान अक्षरांवरील रंग तांबडा उरला नाहीं, आणि 'साउथ' ही दिशा ज्या मध्याच्या अपेक्षेनें होती तो मध्य तर १९७३ सालींच विकला गेला होता. अवयवार्थ सर्व गळाला; राहिली ती केवळ रूढि. मंडप म्हणतांना पेज पिणारा कोणास आठवतो?

आतां साधनांचा दुसरा, अधिक गंभीर भाग. १९८६ पूर्वींच्या इतिहासास अर्ज, हरकती व सुनावण्या आहेत. १९८६ नंतर नोंदणीची नोटीस आहे. तींत मार्ग आहे, तारीख आहे, वेळा आहेत. कां, हें नाहीं. सिद्धान्त उरला, पूर्वपक्ष नाहींसा झाला. उदाहरण वूस्टर-बर्मिंगहॅम या १४४ क्रमांकाच्या मार्गाचें घ्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालेला हा मार्ग मिडलंड रेडच्या सर्वांत जुन्या मार्गांपैकीं. कंपनी फुटली, विकली गेली, पुन्हा विकली गेली, तरी तो चालत राहिला. २०२२ सालीं फर्स्ट कंपनीनें तो आंखूड केला व बर्मिंगहॅमपर्यंत जाणें थांबविलें. शंभर वर्षांची वहिवाट मोडली. पूर्वींच्या कायद्यांत एवढ्या बदलासाठीं कोणी तरी कमिशनरपुढें उभें राहून बोललें असतें व तें लिहिलें गेलें असतें. आतां कंपनीचें निवेदन व वृत्तपत्रांतील तक्रारी एवढेंच. कौन्सिलांच्या समित्यांच्या कागदांत मदतीच्या मार्गांविषयीं कारणें सांपडतात हें खरें, आणि भावी संशोधकानें प्रथम तिकडेच जावें. परंतु जे मार्ग मदतीविना चालत त्यांच्याविषयीं तेंही मूक आहेत. कंपन्यांचे अंतर्गत हिशेब ही धंद्याची गुप्त बाब झाली, आणि धनी पांच वेळां बदलतो तेव्हां जुनें दप्तर पुढच्या धन्यास ओझें वाटतें.

ही पोकळी ज्यांनीं भरली ते सर्व तुमच्या आमच्यासारखे संग्राहक. लंडनची 'ओम्निबस सोसायटी' १९२९ ची; 'पीएसव्ही सर्कल' १९४३ ची, भर युद्धांत स्थापलेली. दुसऱ्या संस्थेचे सभासद प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक गाडीचा क्रमांक, ती केव्हां आली, कोणास विकली, कोठें मोडली, याच्या याद्या करून छापीत आले आहेत. बाहेरच्या मनुष्यास हा छंद पोरकट वाटतो. परंतु धनी लपवितो तें गाडी लपवूं शकत नाहीं. कोणत्या महिन्यांत कोणत्या आगाराच्या किती गाड्या कोठें हलविल्या, यावरून कंपनीचें मन बरेंचसें वाचतां येतें. मिडलंड रेडनें बांधलेल्या गाड्या बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस विथॉल येथील संग्रहालयांत जतन केल्या आहेत. बस-धंद्याचीं दप्तरें जमविण्याचें काम वूस्टरशायरमधील ड्रॉइटविच येथें 'किटहेड ट्रस्ट'नें आरंभिलें. वेळापत्रकें, भाडेपत्रकें, थांब्यांवरील नोटिसा, हे कागद छापतांनाच टाकून देण्यासाठीं छापलेले असतात. २६ ऑक्टोबर १९८६ च्या आठवड्यांतील वेळापत्रक आज मिळविणें सोपें नाहीं, कारण कित्येक तीं महिन्याभरांत निकामी झालीं. पुढें तर वेळापत्रक छापणेंच कमी होत गेलें. ज्यास कागद नाहीं त्याचा संग्रह कसा करावा, हा प्रश्न आपणांपुढेंही लवकरच येणार आहे.

मँचेस्टर प्रदेशांत २०२३ च्या सप्टेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्यानें बसचे मार्ग ठरविण्याचा अधिकार पुन्हा लोकनियुक्त सत्तेकडे आला आहे. कंपन्या तेथें करारानें गाड्या चालवितात. म्हणजे करार, मागण्या व अहवाल पुन्हा लिहिले जात आहेत. राजकारणाच्या दृष्टीनें तें बरें कीं वाईट हें इंग्रज लोक ठरवितील; दप्तराच्या दृष्टीनें तो सुकाळ आहे.

राहतां राहिली कॅनकची गोष्ट. उत्तर शाखेचें हें आगार अरायव्हाकडे होतें. २०२१ च्या आरंभीं अरायव्हानें तें 'डी अँड जी' या लहानशा कंपनीस विकलें. नव्या धन्यानें गाड्यांवर घालण्यासाठीं नवें नांव शोधलें नाहीं. १९७७ नंतरच्या त्या मोजणींतून निघालेलें 'चेसरायडर' हेंच नांव पुन्हा काढलें. ज्या काळांत तें प्रथम रंगविलें गेलें त्या काळची कंपनी, तिची मालक संस्था व तो कायदा, यांपैकीं एकही आतां अस्तित्वांत नाहीं.